वार बरोबर नाही

मंगळवार आणि शुक्रवार मी इंदापूरला असते, बाकीचे दिवस बारामतीला. इंदापुरात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं सोनोग्राफीचं सेंटर आहे. सेंटर म्हणायचं आपलं, आहेत दोन खोल्या. आतल्या खोलीत मशीन, टेबल आणि हिरवा पडदा. बाहेर बाकडी, काउंटर, पाण्याचा मोठा जार आणि भिंतीवर तो सरकारी बोर्ड, की इथे मुलगा की मुलगी हे सांगितलं जात नाही. पाण्याच्या जारला आमच्याकडे बोर्डाइतकंच महत्त्व. पोटाची सोनोग्राफी म्हटली की लघवीची पिशवी भरलेली लागते, म्हणून काउंटरवरची आमची बाई येईल तिला आधी दोन-तीन ग्लास पाणी पाजते. ही बाई अस्सल इंदापूरची. तिच्यापुढे कुणाचं चालत नाही, माझंही नाही.

माझ्या नाकावर राग असतो, हे मी आधीच कबूल करते. पण तोंड कोरं. ती त्या बोर्डाची करणी. लोक विचारत काही नाहीत, फक्त डॉक्टरचं तोंड वाचतात. मी जरा हसले की बाहेर पेढ्यांची बोलणी, जरा गप्प झाले की सासूचा उसासा. म्हणून तोंडावर काहीच उमटू द्यायचं नाही, अशी सवय मी लावून घेतली. ती इतकी मुरली, की नवरा म्हणतो, भाजी खारट झालीय की अळणी हे तुझ्याकडे बघून बापजन्मात कळायचं नाही. सवय चांगलीच आहे. एकदा मात्र ती नडली.

थंडीचे दिवस होते, उसाचा सीझन ऐन भरात. एका मंगळवारी शेळगावची एक सून सातवा महिना लागून गेल्यावर माझ्याकडे आली. आधीच्या दोन मुली, दोन्ही सिझरच्या. नवरा कारखान्याच्या उसावर ट्रॅक्टर चालवणारा, त्याला सीझनमध्ये जेवायला फुरसत नाही. सासू गुडघ्यांनी घरी बसलेली. म्हणून सोबत सासरे आले होते. पांढरा सदरा, धोतर, टोपी. सगळे त्यांना तात्या म्हणत. सुनेसोबत अशा ठिकाणी यावं लागल्याने ते इतके संकोचले होते, की बाकावर न बसता दाराबाहेर चपलांच्या रांगेत उभे राहिले.

सुनेला टेबलावर घेतलं. मशीनचा प्रोब पोटावर ठेवला तर लघवीची पिशवी रिकामी.

"अगं, पाणी पाजलं ना तुला?"

"आत्ताच जाऊन आले की," ती म्हणाली. "डाक्टरीणबाईपुढं तसं कसं यायचं, बरं दिसत न्हाय."

मी ओरडले. ती हसली. परत पाणी, परत तासभर बाकावर. हे आमच्याकडे रोजचंच आहे.

दुसऱ्यांदा प्रोब ठेवला आणि मी ओरडायचंच काय, बोलायचंही विसरले.

पोटातल्या बाळाला रक्त पोचवते ती वार. बाळंतपण झालं की ती आपसूक सुटून मागून पडते. ती सुटणार की नाही याची एक खूण आम्हाला आधीच बघता येते. वार आणि गर्भाशयाची भिंत यांच्यामध्ये मशीनच्या पडद्यावर एक बारीक काळी रेघ दिसते. रेघ असली की मी निर्धास्त. हिची वार खाली, पुढच्या बाजूला, बरोबर जुन्या सिझरच्या व्रणावर येऊन बसली होती आणि तिथे रेघ नव्हती. मी पेशंट कुशीवर केली, प्रोब तिरका धरला, उजेड कमीजास्त केला. रेघ नव्हतीच. वारेच्या आत वेडीवाकडी काळी भोकं होती, वाळवीने खाल्लेल्या लाकडासारखी. रक्ताचा प्रवाह दाखवणारे रंग चालू केले, तर रक्तवाहिन्यांचं जाळं व्रण ओलांडून लघवीच्या पिशवीकडे चाललेलं. वार भिंतीला नुसती चिकटली नव्हती, भिंतीत रुजली होती.

शिकत असताना मी अशी एक बाई पाहिली होती. तिचं आधी कुणी बघितलंच नव्हतं. बाळ झालं, वार पडेना, म्हणून कुणीतरी ती ओढली. पुढचं मी लिहीत नाही. बाळ रडत होतं आणि बाटल्यांवर बाटल्या लावूनही रक्त पुरत नव्हतं, एवढंच सांगते. ती बाई गेली. तेव्हापासून दोन सिझर झालेली कुणी टेबलावर आली की मी आधी ती काळी रेघ शोधते. दुधाने तोंड पोळलेल्याने ताक फुंकून प्यावं, तसं.

"बाई, बाळ बरं हाय ना?" टेबलावरून आवाज आला.

"छान आहे."

"मग तुमी बोलत का न्हाय?"

इथे मी पहिली चूक केली. जिचं पोट, तिलाच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "तू कपडे नीट कर, मी तात्यांशी बोलते." घरातला कर्ता माणूस तो, पुण्याला न्यायचं त्याच्या हातात, असा माझा हिशेब. बाहेर चौदा बायका लघवी धरून बसलेल्या, हाही त्यातलाच एक भाग.

दाराशी जाऊन मी म्हटलं, "तात्या, वार बरोबर नाही. इथं इंदापुरात जमायचं नाही. पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल."

तात्यांनी माझ्या पायांकडे बघत मान हलवली. "व्हय, मला म्हाईत हाय. म्या घरातनं निघतानाच म्हणलं हुतं. चांगला बघून जाऊ."

"हो, चांगलाच बघून जा," मी म्हटलं. "मी चिठ्ठी देते."

मला वाटलं, काय समजूतदार माणूस आहे! घरातून निघतानाच यांना शंका आली होती, आणि आता चांगला दवाखाना बघून जाणार. मी पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंच्या नावे चिठ्ठी लिहिली, त्यांना फोनही केला, आणि माझं कोरं तोंड घेऊन पुढच्या पेशंटकडे वळले.

शुक्रवारी पुण्याला विचारलं, तर शेळगावची कुणी आलेलीच नव्हती. फॉर्मवरच्या नंबरावर फोन लावला. ट्रॅक्टरच्या धडधडाटात नवऱ्याचा आवाज आला, "तात्या न्हेणार हायत, बघून." पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच, "बघून." मी चिडले. एवढं काय बघतायत? दवाखाना म्हणजे काय बैल आहे, दात मोजून घ्यायला?

पहिल्या भेटीनंतर दहा दिवसांनी, शुक्रवारी सकाळी, मी गाडीतून उतरते तोच समोर तात्या. कडक इस्त्रीचा सदरा, कपाळाला बुक्का, हातात पेरूंची पिशवी. मागे सून. आणि तात्या चक्क हसत होते.

"आज वार बेस हाय बगा. दशमी हाय. आता काडा पुन्यांदा फोटू."

"तात्या, तुम्ही अजून पुण्याला गेला नाहीत?"

"आवसंला काडलेला फोटू खरा कसा निघंल? तुमीच म्हणला न्हवं, वार बरोबर न्हाय म्हणून? हितला फोटू चांगल्या वाराला काडू, मग पुण्याला बी चांगला वार बघूनच जाऊ."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही आणि आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. सुनेच्या जिवाशी खेळताय, दहा दिवस वाया घालवलेत, शिकल्यासवरल्यांचं ऐकायचं नाही हा काय पण आहे का, असं बरंच. बाकड्यांवरच्या बायका खाली मान घालून ऐकत होत्या. तात्यांचं हसू कधीच मावळलं होतं. काउंटरवरची बाई उठली आणि माझ्या हाताला धरून म्हणाली, "बाई, थांबा जरा. त्यास्नी वार म्हंजी मंगळवार वाटलाय."

मी थांबले.

"मग दुसरा कुटला वार?" तात्यांनी विचारलं. खरंच विचारलं हो त्यांनी.

"अहो, वार! बाळाची वार! पोटातली!" मी भर खोलीत ओरडले, आणि म्हाताऱ्याची मान पार छातीला टेकली. सुनेने पदर तोंडावर घेतला. आता हा माणूस माझ्याशी एक शब्द बोलणार नाही, हे मला कळलं. बाकड्यांवरच्या सगळ्या बायकांच्या देखत सुनेच्या पोटातलं काढलं होतं मी.

पुन्हा काउंटरवरचीच बाई धावली. तिने अगदी सहज, बाजारात भेटल्यासारखं विचारलं, "तात्या, तुमच्याकडं म्हशी किती हायत?"

"तीन."

"म्हस याली की मागनं काय पडतंय?"

"जार."

"त्योच. ह्या बाई त्याला वार म्हणत्यात."

तात्यांनी मान वर केली. मी भेटल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. "मग जार म्हणा की सरळ! वार, वार काय लावलंय?"

बाकड्यांवर एक बाई फिस्सकन हसली आणि मग सगळ्याच हसल्या. मीही हसले. हसता हसता मनात आलं, दहा दिवसांत त्या पोरीला रक्तस्राव सुरू झाला असता, तर माझ्या एका शब्दापायी झाला असता. पुस्तकात वार आहे म्हणून मी वार म्हटलं. आणि पहिल्या दिवशी माझ्या तोंडावर भीती दिसली असती, तर या माणसाने अमावस्या-बिमावस्या बघितली नसती. ही खात्री मला तेव्हाही होती, आजही आहे.

मी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली. सून पडद्याआड टेबलावर बसली, तिला सगळं ऐकू जाईल अशी. मग आम्ही म्हशीबद्दल बोललो. म्हशीबद्दल बोलताना तात्यांना कसलाच संकोच नव्हता.

"जार पडला न्हाय तर जनावराचा डाक्टर हात घालून वढून काडतुय," ते म्हणाले. "आमची एक म्हस तशी वाचली."

"तात्या, तेच करायचं नाही. तुमच्या म्हशीचा जार अडकला होता. हिचा रुजलाय. रानात हराळी असते, ती उपटली तर काय होतं?"

"हराळी?" तात्या म्हणाले. "ती कशाला येतीय नुसती? मातीचं ढेकूळ घिऊन येती. मुळं खाली पार खोल असत्यात."

"ढेकूळ म्हणजे हिची गर्भाची पिशवी. जार ओढला की तीही ओढली जाते, आणि रक्त थांबत नाही."

तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"म्हंजी माणूस जातंय?"

"आधी कळलं नाही तर जातं."

"आन् आता कळलंय."

"आता कळलंय. आधी बाळ काढतील. जाराला हात लावणार नाहीत. पिशवीसकट तसाच काढतील, ढेकळासकट. त्याला चार डॉक्टर लागतात, रक्त तयार लागतं, म्हणून पुणं."

"धा दिस म्या घालवलं," ते म्हणाले.

"तुम्ही नाही, मी घालवले," मी म्हटलं. एवढ्या वर्षांत पेशंटच्या माणसापुढे मी चूक कबूल केल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी केली आणि फार हलकं वाटलं.

तात्या बाहेर गेले. मी पडदा सारला. सुनेने सगळं ऐकलं होतं, तरी तिला मी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, मशीनच्या पडद्यावर बोट ठेवून. इथे रेघ हवी होती, इथे नाही. तिने निरखून बघितलं. मग विचारलं, "पिशवी काडली म्हंजी परत पोर न्हाय?"

"नाही."

"आन् मी?"

"तू राहशील. त्यासाठीच तर सगळं."

"मग काडू द्या," ती म्हणाली. "माज्या दोगींच्या येण्या दुसऱ्या कुणाला जमत न्हाईत. मामा घालत्यात, पर त्या सुंभागत हुत्यात."

मामा म्हणजे तात्या. नातींच्या वेण्या घालणाऱ्या माणसाला मी तासाभरापूर्वी काय काय बोलले होते!

त्या संध्याकाळी मी दोघांना माझ्याच गाडीतून बारामतीला नेलं, एमआरआयसाठी. तात्या पुढे, सून मागे पेरू खात. उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगत होती. एका ट्रॉलीकडे बोट दाखवून तात्या म्हणाले, "पोरगं बी आसंच कुठंतरी आसंल रस्त्यात. त्याला म्या सांगतो, तुमी नगा सांगू. तुमी वार म्हणताल." मी इतकी हसले की गाडी बाजूला घ्यायची वेळ आली.

एमआरआयच्या नळीतून बाहेर आल्यावर सुनेला विचारलं, भीती वाटली का. म्हणाली, "कारखान्याच्या गव्हाणीत उसाची मोळी टाकल्यागत वाटलं. नुसता खडाखडा आवाज." मूळ किती खोल गेलंय ते त्या चित्रांनी नेमकं दाखवलं. लघवीच्या पिशवीला टेकलं होतं, आत शिरलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या तोंडावर जे काही उमटलं ते मी उमटू दिलं, आणि सुनेने ते वाचलं.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला ठेवून घेतलं. शेळगावातून एक जीप भरून माणसं रक्त द्यायला गेली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिथल्या तरुण डॉक्टरांनी तात्यांना समोर बसवून सगळं नीट समजावलं आणि काही विचारायचंय का म्हटलं, तर तात्या म्हणाले, "इचारायचं काय न्हाय. सांगायचं हाय. वढू नका. हराळी हाय ती." ही हकिगत त्या डॉक्टरीणबाईंनीच मला हसत हसत सांगितली.

फोन आला तेव्हा मी इंदापूरला होते, प्रोब हातात. "बाई, झालं," तात्या म्हणाले. "दोगी बी हायत." दोघी म्हटल्यावर तिसरीही मुलगी हे कळलंच. पण आम्हा दोघांनाही महत्त्व होतं ते त्या 'हायत'ला. मी घळाघळा रडले. टेबलावरची बाई घाबरून उठून बसली, तिला वाटलं तिच्याच पोटात काहीतरी दिसलं. तिची समजूत घालायला काउंटरवरच्या बाईला यावं लागलं.

त्यानंतर मी थोडी बदलले. रिपोर्ट इंग्रजीतच असतो, पण खाली चार ओळी मराठीत लिहिते. आधी जिचं पोट तिला सांगते, मग घरच्यांना. वार म्हणते, लगेच जार म्हणते, आणि समोरच्याने आपल्या शब्दांत मला परत सांगितल्याशिवाय सोडत नाही. रागाचं मात्र काही झालं नाही. तो आहे तिथेच, नाकावर.

आता परवाचीच गोष्ट. मंगळवार होता, गर्दी कमी होती. दारात तात्या उभे. या वेळी चपलांच्या रांगेत नाही, सरळ आत, काउंटरपाशी. सोबत शेजारच्या वस्तीवरची एक बाई, पाचवा महिना, आणि तिची सासू. सून कशी आहे, असं मी विचारायच्या आत त्यांनी मोबाइल पुढे केला. फोटोत तीन मुली होत्या. मोठ्या दोघींच्या वेण्या घट्ट आणि सारख्या, आणि धाकटीच्या टाळूवर तेल.

"हिचं आदी दोन शिजर झाल्यात," तात्या त्या बाईकडे हात करून खणखणीत आवाजात म्हणाले. "आमच्या सुनंनं धाडलंय. हिचा जार बघा."

बाकड्यांवरच्या बायकांनी पाण्याच्या जारकडे बघितलं.

कॅलेंडर माझ्या मागेच होतं. मला चेष्टा करायची लहर आली. म्हटलं, "तात्या, आज अमावस्या आहे. वार बरोबर नाही."

"आवस आसंना का," तात्या म्हणाले आणि बाकावर ऐसपैस बसले. "तुमी जार बघा."